मिशिगनमध्ये आमदारकीची प्रायमरी लढवायची आहे? पहिल्यांदा उभं राहणाऱ्यांसाठी सगळं एका ठिकाणी

दर दोन वर्षांनी, साधारण दिवाळी झाली की, मला असा एक फोन येतोच. आधी मुलांची चौकशी, मग थंडीची, आणि मग आवाज जरा खाली आणून "ताई, तुम्ही मागे त्या कॅम्पेनचे हिशोब बघत होतात ना, मला एक विचारायचं होतं". विचारायचं काय असतं ते मला कळलेलं असतं. ट्रॉय, नोवाय, कॅन्टन, फार्मिंग्टन हिल्स, डेट्रॉईटजवळच्या या भागात आपली इतकी माणसं वीस-पंचवीस वर्षं राहिली, घरं झाली, सिटिझनशिप झाली, पोरं कॉलेजला गेली, आणि आता कुणाला तरी वाटतंय की आपणही लान्सिंगला, राज्याच्या राजधानीत, जाऊन काहीतरी करावं. मला याचा मनापासून आनंद होतो. म्हणून प्रत्येकाला फोनवर दोन-दोन तास जे सांगते ते इथे लिहून ठेवते.

मी स्वतः कधी उभी राहिले नाही. एका पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या उमेदवाराची ट्रेझरर होते आणि अजून दोन-तीन कॅम्पेनमध्ये दारोदार फिरले आहे. हे सगळं स्टेट हाउसबद्दल आहे, म्हणजे आपल्या भाषेत आमदारकी. मिशिगनमध्ये अशा ११० जागा आहेत, मुदत २ वर्षांची, बरीच वर्षं पगार वर्षाला ७१,६८५ डॉलर आहे आणि काम पूर्णवेळ आहे, तेव्हा इंजिनियरची नोकरी सोडायची तयारी घरात आधी बोलून घ्या. पक्ष कुठला ते तुमचं तुम्ही ठरवा, नियम दोन्हीकडे सारखेच आहेत.

इथे तिकीट कुणी देत नाही

आपल्या डोक्यात निवडणूक म्हटलं की आधी तिकीट येतं. कोण कुणाच्या बंगल्यावर गेलं, यादीत नाव आलं की कापलं. इथे तसं नाही, तुम्ही स्वतः फॉर्म भरून सांगता की मी या पक्षाकडून उभा आहे आणि मग त्या पक्षाकडून उभ्या असलेल्या सगळ्यांमधून लोक ऑगस्टमध्ये एक निवडतात, तीच प्रायमरी. त्यातून जो निघेल तो नोव्हेंबरला दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराशी लढतो. काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) पक्षातल्या जुन्या लोकांचा एखादा लाडका उमेदवार असतोच, पण ते तुमचं नाव बॅलटवरून काढू शकत नाहीत.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. एक, ज्या मतदारसंघात एकाच पक्षाचं वर्चस्व आहे तिथे ऑगस्टलाच निकाल लागलेला असतो, नोव्हेंबर नावाला. दोन, इथे हरल्यावर बंडखोरी करायची सोय नाही, प्रायमरीत पडलात तर त्याच वर्षी अपक्ष म्हणून बॅलटवर येता येत नाही.

आणि ५० टक्के मतं लागत नाहीत, सगळ्यात जास्त ज्याला तो जिंकला, दुसरी फेरी नाही. आपले बेळगावचे श्री ठाणेदार बघा, २०१८ ला ते थेट गव्हर्नरच्या प्रायमरीत उतरले, स्वतःचे लाखो डॉलर घातले आणि तिसरे आले. २०२० ला डेट्रॉईटमधून स्टेट हाउसची प्रायमरी जिंकून लान्सिंगला गेले, आणि २०२२ ला काँग्रेसच्या प्रायमरीत नऊ जण होते त्यात साधारण २८ टक्के मतं घेऊन जिंकले. म्हणजे किती जण उभे आहेत यावर तुमचं सगळं गणित बदलतं.

आधी हे चार कागद टेबलावर ठेवा

वय २१, अमेरिकन सिटिझन, आणि त्या मतदारसंघातला नोंदलेला मतदार, एवढं लागतं. जन्मापासूनच सिटिझन हवा ही अट राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षाला आहे, तुम्हाला नाही. पण तुम्ही फेडरल सरकारच्या नोकरीत असाल, समजा व्हीएच्या (माजी सैनिकांच्या) हॉस्पिटलमध्ये, तर हॅच अॅक्टमुळे पक्षाच्या निवडणुकीत उभं राहता येत नाही, नोकरी आधी सोडावी लागते. प्रायव्हेट कंपनी असेल तर एचआरकडून लेखी घ्या, तोंडी "हो हो, काही हरकत नाही" यावर राहू नका.

मग मतदारसंघाचा नकाशा. साधारण ९१ हजार लोकांचा एक मतदारसंघ असतो. २०२२ पासून इथे नागरिकांच्या आयोगाने काढलेले नवे नकाशे आले, त्यातले डेट्रॉईट परिसरातले काही कोर्टाने रद्द केले आणि २०२४ ला स्टेट हाउसचे तिथले नकाशे परत बदलले. त्यामुळे "आमचा भाग त्या अमुकच्या मतदारसंघात येतो" हे मंडळातल्या कुणाच्या तोंडून ऐकून धरून चालू नका. सब-डिव्हिजनमधला एक रस्ता ओलांडला की मतदारसंघ बदलतो.

सध्याचा आमदार परत उभा राहणार का, हे बघा. २०२२ च्या घटनादुरुस्तीनंतर दोन्ही सभागृहं मिळून १२ वर्षं बसता येतं, म्हणजे आधीसारखी दर सहा वर्षांनी हाउसची जागा आपोआप रिकामी होत नाही. रिकामी जागा आणि बसलेला आमदार यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बसलेला आमदार पडतच नाही असं नाही म्हणत मी, न्यूयॉर्कमध्ये झोहरान ममदानींनी २०२० ला असेंब्लीच्या प्रायमरीत अनेकदा निवडून आलेल्या बाईंना काहीशे मतांनी हरवलंच होतं. पण तो रस्ता लांबचा आहे.

आणि चौथा कागद म्हणजे तुम्ही आतापर्यंत काय केलंय त्याचा. पीटीए, लायब्ररी बोर्ड, सिटीची एखादी कमिशन, काहीतरी. नसेल तर एक सोपी सुरुवात सांगते, प्रिसिंक्ट डेलिगेट व्हा, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राच्या भागाचा (प्रिसिंक्टचा) पक्षातला प्रतिनिधी. त्याला फी नाही, काउंटी क्लार्ककडे, म्हणजे काउंटीतल्या निवडणुकांचं काम बघणाऱ्या ऑफिसात, एक अर्ज द्यायचा, तुमच्या प्रिसिंक्टमधले लोक ऑगस्टलाच निवडतात आणि पक्षाच्या काउंटीच्या बैठकांमध्ये तुम्हाला मत मिळतं. दोन वर्षं हे केलंत की पक्षातले लोक तुम्हाला नावाने ओळखायला लागतात.

आता आकडा काढा, आणि तो फ्रिजवर चिकटवा

नवीन माणूस म्हणतो, मतदारसंघात ९१ हजार लोक, त्यात आपले भारतीय इतके हजार, ते सगळे मला देतील. इथेच गडबड होते. त्यातली लहान मुलं काढा, ग्रीन कार्डवाले आणि एच-१बीवाले काढा, सिटिझन असून ऑगस्टला कधीच मत न दिलेले काढा. मंडळाच्या गणपतीला साडेसातशे माणसं जेवतात आणि त्यातली या मतदारसंघात राहणारी, सिटिझन असलेली, ऑगस्टमध्ये मत देणारी मोजली की हाताच्या बोटांवरून थोडी पुढे जातात. वाईट वाटतं, पण मोजून बघा.

काउंटी क्लार्कच्या साइटवर मागच्या तीन-चार ऑगस्ट प्रायमरींचे प्रिसिंक्टप्रमाणे निकाल असतात. तुमच्या आजच्या मतदारसंघातले प्रिसिंक्ट घ्या, नकाशे बदललेत म्हणून जुने आकडे एकेक करून जोडावे लागतील, आणि तुमच्या पक्षाच्या बाजूला किती मतं पडली ते काढा. समजा ते ११ हजार, १३ हजार, १२ हजार असं आलं. यंदा १३ हजार धरा. दोघेच उभे असाल तर ६,५०१ लागतात. तिघे असतील तर पाच-साडेपाच हजारांत काम होऊ शकतं. हा तुमचा आकडा. ९१ हजार विसरा.

मग मतदारांची यादी. सरकारी यादी क्लार्ककडून किंवा राज्याच्या निवडणूक कार्यालयाकडून मागून मिळते, पक्षांकडे तीच यादी त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये असते, डेमोक्रॅट्सकडे व्होटबिल्डर, रिपब्लिकनांकडे त्यांचं वेगळं. मिशिगनमध्ये मतदार पक्ष नोंदवत नाही आणि ऑगस्टला त्याने कुठल्या पक्षाच्या रकान्यात मत दिलं हे कुठेही लिहिलेलं नसतं, फक्त मत दिलं का एवढंच दिसतं. सॉफ्टवेअर जो स्कोअर दाखवतं तो अंदाज असतो, तो देवाचा शब्द समजू नका. पण मागच्या तीनपैकी तीन ऑगस्टला मत दिलेला माणूस यंदाही देणार हे जवळजवळ नक्की, आणि हीच माणसं तुमची निवडणूक ठरवतात. बहुतेक रिटायर्ड असतात, घरी असतात, आणि बोलायला तयार असतात.

फॉर्म: इथे शंभर टक्के बरोबर लागतं

प्रायमरी ऑगस्टच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी. फॉर्म भरायची मुदत त्याच्या आधीचा पंधरावा मंगळवार, दुपारी ४. म्हणजे २०२६ चं उदाहरण घेतलं तर प्रायमरी ४ ऑगस्ट आणि फॉर्म २१ एप्रिल. चार म्हणजे चार, चार वाजून एक मिनिट झालं तर संपलं. नाव मागे घ्यायला त्यानंतर तीन दिवस. पूर्ण मतदारसंघ एकाच काउंटीत असेल तर काउंटी क्लार्ककडे भरायचा, दोन काउंटीत पसरला असेल तर राज्याच्या कार्यालयात.

स्टेट हाउससाठी दोन रस्ते आहेत, मतदारांच्या सह्या गोळा करा नाहीतर १०० डॉलर फी भरा. मी सगळ्यांना सांगते, फी भरा. "सह्या गोळा केल्या की लोकांशी ओळख होते" हे खरं आहे, पण ओळख तुम्ही सह्यांशिवायही करू शकता, आणि सह्या बाद होऊ शकतात. २०२२ ला गव्हर्नरपदाचे पाच रिपब्लिकन उमेदवार याच कारणाने बॅलटवरून गेले, पैसे देऊन सह्या गोळा करायला माणसं ठेवली होती आणि त्यांनी हजारो खोट्या सह्या भरल्या होत्या. शंभर डॉलरचा चेक कुणी खोटा ठरवत नाही.

फॉर्मसोबत एक अॅफिडेव्हिट असतं, नोटरीसमोर सही करायचं. नाव, पत्ता, पद, पक्ष, आणि शेवटी असं विधान की आधीच्या कुठल्या प्रचार-कमिटीचे हिशोबाचे रिपोर्ट किंवा दंड थकलेले नाहीत. यातला एक रकाना रिकामा राहिला तरी घरी बसावं लागू शकतं. आपल्या नावांचा घोळ तर ठरलेलाच, पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, लायसन्सवर फक्त आद्याक्षर, मतदार यादीत काहीतरी तिसरंच, आणि मंडळात सगळे ओळखतात ते टोपणनाव वेगळं. बॅलटवर कसं छापता येईल हे क्लार्कच्या ऑफिसात महिनाभर आधी जाऊन विचारा. मुदतीच्या दिवशी जाऊ नका, दोन आठवडे आधी जा, म्हणजे चूक निघाली तर परत भरता येते.

केंटकीचं उदाहरण सांगते. निमा कुलकर्णी, लुईव्हिलमधून २०१८ ला पहिल्यांदा आमदार म्हणून निवडून आल्या. तिथला नियम असा की फॉर्मवर त्याच पक्षाच्या दोन नोंदणीकृत मतदारांच्या सह्या हव्यात, फक्त दोन. २०२४ ला त्यातली एक सही करणारी व्यक्ती सही करताना दुसऱ्या पक्षात नोंदलेली निघाली. आधीचे आमदार कोर्टात गेले, प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि प्रायमरीत त्यांना पडलेली मतं मोजायची नाहीत असं ठरलं. पुढे पक्षाच्या समितीने त्यांनाच उमेदवारी दिली आणि त्या निवडून आल्या, पण बसलेल्या आमदाराची ही गत एका सहीने झाली. तुम्ही तर नवीन आहात.

पैसे, आणि एकशे एक डॉलरचं पाकीट

उमेदवार झालात की १० दिवसांत प्रचाराची कमिटी स्थापन करायची, वेगळं बँक अकाउंट, वेगळा ट्रेझरर. ट्रेझरर म्हणून असा माणूस घ्या जो तुम्हालाही नाही म्हणू शकेल.

आमचा पहिला फंडरेझर एका मित्राच्या घरी झाला, बटाटेवडे, चहा, तीस-पस्तीस माणसं. एका काकूंनी उमेदवाराला ओवाळलं, आणि एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं पाकीट हातात दिलं, आपण लग्नामुंजीत देतो तसं. आत शंभराची नोट आणि वर एक डॉलर. मी ट्रेझरर, सगळ्यांसमोर ते पाकीट परत द्यायची वेळ माझ्यावर आली. कारण मिशिगनमध्ये २० डॉलरच्या वर रोख घेता येत नाही. काकूंचा चेहरा उतरला, त्यांना वाटलं पैसे कमी पडले. मी शेजारी बसून समजावलं तेव्हा पर्समधून चेकबुक काढून त्यांनी परत १०१ लिहिले, आणि मी परत मध्ये, "काकू, १०० च्या वर गेलं की तुमचा व्यवसाय आणि कुठे काम करता तेही लिहून द्यावं लागतं". त्या म्हणाल्या, "अगं, पण शंभर कसे देऊ, शुभकार्याला?" शेवटी फॉर्मवर "रिटायर्ड" लिहून घेतलं आणि १०१ च ठेवले. त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमाला दाराशी एक टेबल, त्यावर छापील कार्डं, नाव, पत्ता, व्यवसाय, कंपनी, आणि सिटिझन किंवा ग्रीन कार्ड आहे यावर एक टिक. हे कार्ड पहिल्या दिवसापासून करा.

ती टिक महत्त्वाची आहे. फक्त सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांकडून पैसे घेता येतात, हा फेडरल कायदा आहे आणि तो शाळेच्या बोर्डापासून सगळ्या निवडणुकांना लागू आहे. एच-१बीवर असलेला जिवलग मित्र, पुण्याचा सख्खा भाऊ, सांगलीचे मामा, कुणाकडूनही एक डॉलर नाही, आणि "मी त्याला देतो, तो तुला देईल" असं दुसऱ्याच्या नावावर देणंही गुन्हा आहे. एच-१बीवाला मित्र विनापगार मदत करू शकतो, दारं वाजवायला येऊ शकतो, पण पैसे कुठे खर्च करायचे, कुणाला कामावर ठेवायचं या निर्णयांत त्याला बसवायचं नाही. हे त्याला आधीच प्रेमाने सांगा.

कंपनीच्या अकाउंटचा चेक घेऊ नका, कॉर्पोरेशनकडून उमेदवाराला पैसे चालत नाहीत आणि आपल्यात स्वतःची कन्सल्टिंग फर्म असणारे हौसेने तोच चेक फाडतात. निनावी पैसेही चालत नाहीत, आले तर धर्मादाय संस्थेला द्यावे लागतात, त्यामुळे मंडपात ठेवतो तशी पेटी ठेवायची नाही. एका माणसाकडून किती घ्यायचे याची मर्यादा आहे आणि ती महागाईप्रमाणे वेळोवेळी बदलते, चालू आकडा राज्याच्या साइटवरून काढून ट्रेझररच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. स्वतःचे पैसे घालायला मर्यादा नाही, पण घराचं कर्ज वाढवून घालू नका, मी हे होताना बघितलंय.

आणि आपलं मंडळ, आपलं मंदिर. बहुतेक सगळे ५०१(सी)(३) आहेत, म्हणजे टॅक्समधून सूट असलेल्या संस्था. त्यांना उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही, पैसे नाही, ईमेल लिस्ट फुकट नाही, स्टेजवरून "आपल्या माणसाला मत द्या" हेही नाही. १९५४ पासूनचा कायदा आहे. तुमच्या हौसेपायी मंडळाची सूट धोक्यात घालू नका. त्यांनी सगळ्या उमेदवारांना सारखं बोलावलं तर चालतं. मंडळाचा अध्यक्ष स्वतःच्या घरी, स्वतःच्या नावाने काहीही करू शकतो.

त्याच कार्यक्रमात मतदार नोंदणीचं टेबल लावायचं सुचेल, तेव्हा जपून. सिटिझन नसलेल्या कुणी चुकून जरी मतदार म्हणून नाव नोंदवलं तर त्याच्या ग्रीन कार्डवर, सिटिझनशिपवर पाणी पडू शकतं. टेबलावर बसणाऱ्याने प्रत्येकाला आधी हाच प्रश्न विचारायचा, ओळखीचा असला तरी.

खर्चाबद्दल थोडक्यात. छापील प्रत्येक गोष्टीवर कुणी पैसे दिले, कमिटीचं नाव आणि पत्ता लिहावा लागतो. डेमोक्रॅटिक बाजूला असाल तर प्रिंटिंग युनियनच्या प्रेसमधून करा, कार्डाच्या कोपऱ्यात त्यांचा छोटा शिक्का असतो, इथले लोक डोळ्याजवळ नेऊन तो बघतात. यार्ड साइन्सवर (घरासमोर लावायच्या पाट्यांवर) जास्त पैसे घालू नका, साइन मत देत नाही. मेलर (पोस्टाने जाणारी प्रचारपत्रकं) पाठवायचे तर आकड्यातल्या घरांनाच.

दारं

आता खरं काम. बाकी सगळं यासाठी.

वरच्या हिशोबातले १३ हजार मतदार साधारण ८ हजार घरांत राहतात असं धरा. एका तासात १५ ते २० दारं होतात, निम्मी उघडतच नाहीत. २० धरलं तरी सगळी दारं एकदा वाजवायला ४०० तास लागतात. जानेवारीच्या शेवटापासून जुलैच्या शेवटापर्यंत आठवड्याला १५ तास, म्हणजे शनिवार-रविवार आणि एक संध्याकाळ, असं २७ आठवडे केलंत की ४०५ तास झाले. म्हणजे उमेदवाराने स्वतः प्रत्येक दारी एकदा जाणं शक्य आहे. मला हे गणित पहिल्यांदा जमलं तेव्हा मी उमेदवाराला रात्री अकरा वाजता फोन केला होता. दुसरी आणि तिसरी फेरी स्वयंसेवकांनी करायची, ज्यांनी "बघतो" म्हटलं त्यांच्याकडे.

मिनीव्हॅन म्हणून अॅप आहे, त्यात रस्त्याप्रमाणे घरं येतात आणि तिथल्या तिथे नोंद होते. नोंद प्रामाणिक करा. गोड हसून "गुड लक" म्हणणाऱ्याला पक्कं मत म्हणून टाकू नका, मिडवेस्टमधली माणसं सगळ्यांनाच गुड लक म्हणतात.

दारावर काय बोलायचं? नाव, मी याच भागात अमुक वर्षं राहतो, स्टेट हाउससाठी उभा आहे, आणि लगेच प्रश्न, तुम्हाला काय सतावतंय? मग गप्प बसा. हे आपल्याला जड जातं, आपण तयारी करून गेलेलो असतो आणि सगळं सांगून टाकायचं असतं. एका घरी, फोर्डमधून रिटायर झालेला माणूस, गॅरेजमध्ये काहीतरी ठोकत होता, आमच्या उमेदवाराने शाळांच्या बजेटबद्दल चार मिनिटं उत्तम सांगितलं, आणि तो फक्त ड्राइव्हवेच्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाला की दर पावसात इथे पाणी साचतं आणि सिटी म्हणते काउंटीचं काम, काउंटी म्हणते सिटीचं. उमेदवाराने फोटो काढला, दुसऱ्या दिवशी ड्रेन कमिशनरच्या ऑफिसात फोन केला, आणि आठवड्याने परत जाऊन सांगितलं की कुणाशी बोललो आणि ते काय म्हणाले. काम झालं नव्हतं अजून. तरी त्या माणसाने स्वतः जाऊन शेजारच्या तीन घरांत सांगितलं.

नाव कठीण आहे म्हणून लाजू नका, बदलू तर अजिबात नका. कार्डावर नावाखाली कसं म्हणायचं ते सोप्या तुकड्यांत छापा, आणि दारावर सावकाश एकदा म्हणा. "कुठून आलात" विचारलं तर आधी तुमच्या गल्लीचं नाव सांगा, मग गावाचं. बहुतेकांना खरंच उत्सुकता असते. एखादा दार आपटतो, ते होतं, पुढच्या दाराकडे चालायला लागा, आणि संध्याकाळी कुणाशी तरी ते बोला, मनात ठेवू नका. स्वयंसेवकांमधल्या तरुण मुलींना कधीही एकटं पाठवू नका, दोघी-दोघी.

पोस्टाच्या पेटीत कार्ड टाकायचं नाही, ते फेडरल कायद्याने बंद आहे, दाराच्या कडीत अडकवा. कार्डावर आधीच हाताने लिहून ठेवा "भेट झाली नाही, माझा नंबर हा". आणि ही डेट्रॉईट आहे, होंडा-टोयोटातून उतरून एखाद्या युनियनवाल्याच्या दारात गेलात तर तो आधी गाडीकडे बघेल. मित्राची फोर्ड मागून घ्या, नाहीतर गाडी वळणावर लावून चालत जा.

निवडणूक ऑगस्टला नसते, जूनच्या शेवटी सुरू होते

आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली. मिशिगनमध्ये पोस्टाचं मतपत्र कुणालाही कारण न देता मिळतं, आणि ते निवडणुकीच्या ४० दिवस आधीपासून घराघरांत जायला लागतं. ४ ऑगस्टची निवडणूक असेल तर २५ जून. २०२२ च्या दुरुस्तीपासून एकदा अर्ज केला की दर निवडणुकीला मतपत्र आपोआप घरी येतं. आणि तीच माणसं, जी दर ऑगस्टला मत देतात, तीच घरबसल्या देतात.

आम्ही एक चांगला दाट प्रिसिंक्ट जुलैच्या दुसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवला होता, म्हटलं शेवटी जोर लावू. पहिल्याच दारी एक आजी, दार उघडून हसल्या, आत बोलावलं, लेमोनेड दिलं, सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "तू आधी का नाही आलीस गं, मी मागच्या आठवड्यातच पाठवलं". स्वयंपाकघरातल्या टेबलावर समोरच्या उमेदवाराचं कार्ड पडलेलं होतं, त्याच्या मागे पेनाने फोन नंबर. तो जूनमध्ये येऊन गेला होता.

तेव्हा कॅलेंडर उलटं मांडा. जी घरं पोस्टाने मत देतात ती मे-जूनमध्ये संपवा, २५ जूनच्या आठवड्यात त्यांना परत एकदा फोन किंवा कार्ड. सिटी किंवा टाउनशिपच्या क्लार्ककडून कुणाचं मतपत्र गेलं आणि कुणाचं परत आलं याची यादी घेत राहता येते, ज्यांचं परत आलं त्यांना यादीतून काढा, ज्यांच्या टेबलावर पडून आहे त्यांच्याकडे परत जा. त्यानंतर ९ दिवसांचं अर्ली व्होटिंग, निवडणुकीच्या आधीच्या रविवारपर्यंत, आणि मग तो मंगळवार.

आपल्या लोकांसाठी दोन जास्तीच्या गोष्टी. जून-जुलैला निम्मी मंडळी भारतात असतात, मुलांना सुट्ट्या ना. मे महिन्यातच विचारा, कधी जाताय, कधी येताय, मतपत्राचा अर्ज केला का. ते मंगळवारी रात्री ८ पर्यंत क्लार्कच्या हातात पोचावं लागतं, पोस्टावर भरवसा ठेवण्यापेक्षा क्लार्कच्या ऑफिसबाहेरच्या पेटीत टाकलेलं बरं. पाकिटावरची सही मतदार नोंदणीवरच्या सहीसारखी हवी, मराठीत सही करणाऱ्या आजोबांना हे आवर्जून सांगा.

दुसरी, ऑगस्टच्या बॅलटवर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारी-शेजारी असतात आणि एकाच रकान्यात मत द्यायचं असतं. गव्हर्नरसाठी इकडे आणि आपल्या माणसासाठी तिकडे असं केलं तर पक्षाची सगळी मतं बाद. केंद्रावर मशीन सांगतं आणि सुधारता येतं, घरून पाठवलं की कोण सांगणार. पहिल्यांदा मत देणाऱ्या नव्या सिटिझन्सची मतं यात वाया जातात. एका कागदावर चित्र काढून दाखवा.

शेवटचे दिवस आणि नंतर

निवडणुकीच्या ११ दिवस आधी हिशोबाचा रिपोर्ट जातो, आणि त्या हिशोबात न आलेली मोठी रक्कम शेवटच्या दिवसांत आली तर ४८ तासांत कळवावी लागते. या गडबडीत ट्रेझररला दारं वाजवायला पाठवू नका. मतदान केंद्रापासून १०० फुटांच्या आत प्रचार नाही, टी-शर्ट घालून आत मत द्यायलाही जायचं नाही, वर जॅकेट घाला.

त्या रात्री निकाल काहीही लागो, समोरच्याला फोन उमेदवाराने स्वतः करायचा. दुसऱ्या दिवशी साइन्स उचलायच्या, आठवडाभरात स्वयंसेवकांना जेवायला बोलवायचं, ३० दिवसांनी पुन्हा रिपोर्ट, उरलेल्या पैशांचा हिशोब. हरलात तरी हे सगळं करावं लागतं, नाहीतर दंड बसतो आणि पुढच्या वेळच्या अॅफिडेव्हिटवर तोच आडवा येतो.

आम्ही हरलो, थोड्याच मतांनी. दोन आठवड्यांनी प्रिसिंक्टप्रमाणे पक्के आकडे आले ते मी प्रिंट करून आणले, आणि आम्ही चौघं डायनिंग टेबलवर बसून शेजारी आमच्या जुन्या वॉक लिस्ट (दारोदार फिरायच्या याद्या) ठेवून एकेक ओळ लावत गेलो. जिथे उमेदवार स्वतः गेला होता आणि नंतर कुणीतरी दुसऱ्यांदा गेलं होतं ते सगळे प्रिसिंक्ट आम्ही जिंकलो होतो, एकही चुकला नाही. जिथे फक्त मेलर गेले तिथे हरलो. त्या लेमोनेडवाल्या आजींच्या प्रिसिंक्टमध्ये सगळ्यात जास्त. त्या याद्या मी अजून एका खोक्यात ठेवल्यात, फोन करणाऱ्याला दाखवायला.